वादीतर्फे पारसमल वकील

पारस, उद्या सोमवार. उद्या आणे गावच्या ठकूबाईच्या विहिरीच्या दाव्याची तारीख आहे, आणि मला कोर्टाला लेखी कळवायचंय की तू गेलास.

तू असतास तर म्हणाला असतास, "रंग्या, दोन ओळींचं तर काम, त्यात काय एवढं?" दोन ओळींचंच आहे रे. सकाळपासून चार कागद फाडलेत. 'वादीचे वकील दिनांक अमुक रोजी मयत झाले आहेत' एवढं लिहायचं आणि खाली सही ठोकायची. 'मयत' शब्दापर्यंत पेन बरं चालतं, मग अडतं. पक्षकार मेला तर त्याच्या वकिलानं कोर्टाला कळवायचं, हे मला ठाऊक आहे. वकील मेला तर ते कुणाच्या गळ्यात, ते आज आठवत नाही. तुला आठवलं असतं. कलमं तुला पाठ आणि माणसं मला पाठ, अशी आपली वाटणी होती.

कोर्टाचा कागद होईना म्हणून हा लिहायला घेतला. याला तिकीट नको, सही नको, आणि समोरच्या वकिलाची हरकत नको.

गुरुवारी तुझ्या उठावण्याला पुण्याला गेलो होतो. केवढा तो हॉल! दारात बुटांचा ढीग, आत सगळे पांढऱ्या कपड्यांत. तुझ्या कंपनीची माणसं पुढं बसलेली. मी मागच्या रांगेत, खांबाआड. ललितावहिनींनी मला पाहिलं, हात जोडले, आणि मग तुमच्या मारवाडातनं आलेल्या पाहुण्यांनी त्यांना घेरलं. एकेकजण उठून बोलला. कारखाने किती वाढवलेस, कुठकुठल्या देशात माल पाठवलास, कामगारांना कसं सांभाळलंस. एक गृहस्थ म्हणाले, "साहेबांची सुरुवात तालुक्याच्या एका छोट्या कोर्टातून झाली, पण तिथून ते फार लवकर बाहेर पडले." झालं. त्या एका वाक्यात आपली आठ वर्षं आटोपली. बरं, फार लवकर म्हणजे काय? मला तर ती आठ वर्षं म्हणजेच सगळं आयुष्य वाटत आलंय.

मग एक तरुण मॅनेजर उठला. म्हणाला, "सर कुठल्याही मीटिंगला बसण्याआधी कोटाच्या दोन्ही बाह्या झटकायचे. आधी डावी, मग उजवी. मग खुर्ची झटकायचे. आम्हाला वाटायचं, सरांची काहीतरी श्रद्धा असावी." लोक हळूच हसले. आणि मला, गड्या, तिथं भरून आलं. अरे बाबांनो, श्रद्धा कसली, पीठ होतं ते पीठ! अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगू कुणाला? शेजारचा माणूस मोबाइलवर काहीतरी टाइप करत होता.

जुन्नरच्या कोर्टामागच्या गल्लीतली ती गिरणी आणि तिच्या माडीवरचं आपलं ऑफिस. दुसरी जागा मिळेना म्हणून घेतली आणि मग सोडवेना. खाली पट्टा सुरू झाला की वर टेबल थरथरायचं आणि आपण अर्ज लिहिणं थांबवून चहा मागवायचो. खाली काय दळतायत ते तू नुसत्या वासावरून सांगायचास, आणि बाजरीत कुणी ज्वारी मिसळली तर तेही. काळे कोट घालून जिना चढायचो आणि पांढरे होऊन कोर्टात शिरायचो. एका न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं होतं, "काय वकीलसाहेब, दळण टाकून आलात की काय?" सगळं कोर्ट हसलं. तेव्हापासून तू शेवटच्या पायरीवर थांबून बाह्या झटकायला लागलास, आधी डावी, मग उजवी, आणि मग माझ्या पाठीवर दोन सणसणीत थापा. त्यातली एक कोटासाठी असायची आणि एक उगीच. तू गेल्यापासून, म्हणजे नोकरीला गेल्यापासून, माझी पाठ कुणी झटकली नाही.

आणि जेवण! तुझ्या डब्यात गट्ट्याची नाहीतर पापडाची भाजी, कांदा-लसणाचा वाससुद्धा नाही. माझ्या डब्यात आमच्या पेठ गावाहून आईनं पाठवलेली लसणाची लालभडक चटणी. पहिले चार महिने तू तिच्याकडं नुसता बघत बसायचास. मग एक दिवस बोट बुडवून म्हणालास, "हा लसूण नाही, पुरावा आहे. नष्ट केला पाहिजे." चातुर्मास सोडला तर तू तो पुरावा रोज नष्ट केलास. "घरी बोललास तर अब्रुनुकसानीचा दावा लावीन," अशी वर दमबाजी. लेका, मी अजून बोललो नव्हतो. आता वहिनींनी वाचलं तर वाचलं.

त्या डब्यावर तू समोरच्या वकिलालाही ओढून आणायचास. सकाळी ज्याच्याशी कोर्टात तावातावानं भांडलास, त्यालाच दुपारी दंडाला धरून बसवायचास. पक्षकार खिडकीतनं बघायचे आणि गावभर बोंब मारायचे, "आपला वकील फुटला!" ओतूरच्या एकानं तर तेवढ्यावरून वकील बदलला. मी चिडलो होतो. तू म्हणालास, "अरे, त्याचं भांडण त्याच्या भावाशी आहे. माझं कुणाशी आहे?"

ठकूबाई आली ती याच सुमाराला. आण्याच्या पठारावरून, पहाटेची गाडी धरून, डोक्यावर पदर आणि काखेत कागदांची पिशवी. नवरा वारलेला. विहीर सामाईक, आठवड्यातले दोन दिवस तिच्या पाण्याच्या पाळीचे. नवरा गेल्यावर दिरानं मोटारीच्या पेटीला कुलूप घातलं आणि म्हणाला, पाळी भावाची होती, भाऊ गेला तशी पाळी गेली. ती तुझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "मला कुनाचं काय नको. माजं दोन दिस मला द्या. त्येच्यावर माजं रान भिजतं." तू तिला बसायला खुर्ची दिलीस, आणि ती बसण्याआधी खुर्चीवरचं पीठ झटकलंस.

वकीलपत्रावर आपल्या दोघांची नावं. तुझं वर, माझं खाली. दावा तू लिहिलास, आणि इतका नेटका दावा मी पुन्हा पाहिला नाही. तातडीची मनाई मात्र कोर्टानं दिली नाही. पुरावा झाल्यावर बघू म्हणाले. म्हणजे केस चालल्याशिवाय त्या बाईला पाण्याचा थेंब मिळणार नव्हता. हे मला तेव्हाही कळत होतं आणि नंतरही कळत होतं. तेवढं लक्षात ठेव, मी पुढं सांगणार आहे त्यासाठी.

तुझं नशीब बदललं ते मात्र दुसऱ्याच एका बाईमुळं. नारायणगावच्या पुढं हायवेला एका कंपनीला भाज्या टिकवायचा कारखाना काढायचा होता. जमिनीचे जुने कागद तपासायचं काम तुझ्याकडं आलं. दुसऱ्या कुणी सातबारा बघून 'ठीक आहे' लिहून दिलं असतं. तू तीन दिवस जुनी दप्तरं चाळलीस, आणि वारसांत एका बहिणीचं नाव लागलंच नसल्याचं काढलंस. बहीण दिलेली डिंभ्याकडं. तू एस.टी.नं तिला शोधायला गेलास, परतीची गाडी आलीच नाही, आणि घोडेगावपर्यंत निम्मा रस्ता पायी तुडवलास. दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय टबात बुडवून बसला होतास. कंपनीच्या मालकांना तू लिहिलंस, त्या बहिणीची सही झाल्याशिवाय ही जमीन घेऊ नका. मला वाटलं, काम गेलं हातातनं. तर पंधरा दिवसांनी मालक स्वतः आपला जिना चढून आले, रुमालानं नाक धरून. म्हणाले, "मला हो म्हणणारे वकील पुण्यात पुष्कळ आहेत. मला नाही म्हणणारा एक पाहिजे."

तू त्या दिवशी चहा प्यायलाच नाहीस. कपात साय धरली. मंचरला तुझ्या वडिलांचं कापडाचं दुकान, ते सोडून तू वकील झालास म्हणून ते वर्षभर तुझ्याशी बोलले नव्हते. आता वकिलीही सोडायची. पगारी नोकरी धरली की सनद जमा करावी लागते, मग कोर्टात उभं राहता येत नाही. तू मला म्हणालास, "दोन वर्षं, रंग्या. फार तर तीन. त्यांचं बस्तान बसवून देतो आणि सनद सोडवून परत येतो. ठकूबाईची केस मीच चालवणार. माझं नाव काढू नकोस."

मी 'जाऊ नकोस' म्हणालो नाही. म्हणालो, "जा की. तुला कुणी बांधून ठेवलंय?" मला असंच बोलता येतं, तुला माहीत आहे. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तू थांबलास, बाह्या झटकल्यास, माझ्या पाठीवर दोन थापा मारल्यास. मी वर आलो आणि तुझ्या खुर्चीवर फायली ठेवल्या, म्हणजे दुसरं कुणी बसायला नको.

आता ऐक. हे मी तुला जिवंतपणी सांगायला पाहिजे होतं.

आपल्या कोर्टात मारुती शिपायाची एक जुनी खोड आहे. तो पक्षकारांबरोबर वकिलाचंही नाव पुकारतो. तू गेल्यानंतरची पहिली तारीख. मारुतीनं दारात उभं राहून हाळी दिली, "ठकूबाई, आणे! वादीतर्फे पारसमल वकील!" मी खालच्या नावाचा वकील, मी उठलो आणि म्हणालो, "हजर." काय सांगू पारस, क्षणभर वाटलं, तू चहाला गेलायस आणि मी तुझ्या वतीनं उभा आहे. त्या दिवशी साक्षीदार खरंच आजारी होता. तारीख पडली. संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून तुला फोन केला, "तारीख पडली रे." तू पंधरा मिनिटं बोललास. खाली काय दळतायत ते विचारलंस.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांची बदली झाली. त्याच्या पुढं दीर मेला, त्याची पोरं वारस म्हणून लावण्यात काळ गेला. पण त्यानंतरच्या तारखा, पारस, त्या मी घेतल्या. साक्षीदार हजर असताना घेतल्या. ठकूबाई दाराशी उभी असताना घेतल्या. 'वादीतर्फे अर्ज, मुदत मिळावी.' समोरचे कदमवकील कशाला हरकत घेतील? त्यांच्या पक्षकाराची मोटार चालूच होती. मारुती तुझं नाव पुकारायचा, मी 'हजर' म्हणायचो, आणि संध्याकाळी तुला फोन करायचो. केस संपली असती तर मी तुला फोन कशासाठी केला असता? सांग ना. तू मोठा होत चालला होतास. ख्यालीखुशाली विचारायला फोन करणारी माणसं तुला पुष्कळ होती. माझ्याकडं एक विहीर होती, दुसऱ्याच्या मालकीची.

नाही म्हणायला तुझं सगळं मला फोनवरच कळायचं. तू कायदा अधिकारी होतास, मग कारखान्याचा कारभार तुझ्याकडं आला. संप झाला तेव्हा गेटवर युनियनच्या पुढाऱ्याशेजारी डबा उघडून बसलास आणि मालक घाबरले, आपला माणूस फुटला की काय म्हणून. मी हसून हसून बेजार झालो होतो बूथमध्ये. म्हटलं, जुन्नरची सवय पुण्यातही नडतीय. संप त्या डब्यावर मिटला म्हणे. आणि मग एक दिवस तूच फोन केलास, "रंग्या, मला सीईओ केलं रे." मी विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचं असतं?" तू म्हणालास, "खरं सांगू? सगळ्यांना तारखा द्यायच्या." दोघंही हसलो. ठेवताना मी म्हणालो, "मग आता परत येणं काही खरं नाही." तिकडून कुणीतरी तुला 'सर' अशी हाक मारली आणि फोन बंद झाला.

एकदा तुझ्या ऑफिसात आलो होतो, आठवतं? दारावरच्या मुलीनं फॉर्म दिला. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात काय लिहावं कळेना. 'आण्याची केस' लिहिलं. तू खाली घ्यायला आलास, सगळ्यांदेखत मिठी मारलीस, आणि तुझ्या त्या गुळगुळीत काळ्या टेबलाशी बसण्याआधी बाह्या झटकल्यास. मी पाहिलं. तुला पत्ताही नव्हता.

मग तो शनिवार. दोन वर्षांपूर्वीचा. तू गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडून चालत आलास. गिरणी तोवर बंद पडली होती. तू जिना चढून आलास आणि हातातला कागद टेबलावर ठेवलास. रोजनाम्याची नक्कल. कुठल्या तारखेला कोर्टात काय झालं, ओळीनं लिहिलेलं. तू बोट फिरवत गेलास. 'वादीतर्फे अर्ज. मंजूर.' 'वादीतर्फे अर्ज. मंजूर.' ठकूबाई तुझ्या ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली होती म्हणालास. एवढ्या लांब, एकटी, या वयात.

"का?" तू विचारलंस.

"साक्षीदार मिळत नाहीत," मी म्हणालो.

"खोटं बोलताना तू चष्मा पुसतोस."

मी चष्मा खाली ठेवला. तू आवाज न चढवता बोलत होतास, त्याचाच मला राग आला. "त्या म्हातारीचं पाणी अडलंय, रंग्या. माझं नाव काढ आणि केस चालव. या केसपुरता मी मेलो असं समज."

आणि मी काय बोललो? म्हणालो, "हां, साहेबांना आता जुन्नरची लाज वाटते. सनद नसताना नाव कोर्टात दिसलं तर कंपनीत अडचण होईल, होय ना?" पारस, तुझा चेहरा मी तेव्हा पाहिला आणि तरी शब्द मागं घेतला नाही. तू खुर्चीवरच्या फायलींकडं बघितलंस. चौदा वर्षांत त्या तिथून हलल्या नव्हत्या हे तुला दिसलं असणार. तू उठलास, जिना उतरलास. खाली पाय थांबल्याचा आवाज आला. बाह्या झटकल्यास बहुतेक. मी माडीवरून उतरलो नाही.

त्यानंतर तू फोन केला नाहीस, आणि मीही नाही. केस तरी चालवायची ना मी? तीही नाही चालवली. आधी रुसव्यानं, मग लाजेनं. कोर्टात न्यायाधीशांची जागा रिकामी होती ते एक निमित्त मिळालं. बायको-पोरं शिक्षणापायी पुण्यात, दर शनिवारी मी एस.टी.नं तिकडं जायचो. गाडी पुणे-नाशिक रस्त्यावर तुझ्या ऑफिससमोरनं जायची. मी मुद्दाम उजवीकडची खिडकी धरायचो. एवढ्या वर एका काचेमागं तू असशील, असं बघत जायचो. उतरावं असं दर शनिवारी वाटायचं. तू जाण्याआधीच्या शनिवारीही वाटलं होतं. तुझी छाती मंगळवारी दुखली.

'माझं चुकलं' हे दोन शब्दांचं काम होतं. तेही मी पुढच्या तारखेवर टाकलं.

* * *

वरचं काल लिहिलं. आज सोमवार, संध्याकाळचे पाच वाजायला आलेत. सांगतो.

सकाळी कोर्टात गेलो तर ठकूबाई पायऱ्यांवर बसलेली. पार वाकलीय आता. तिला कळलं होतं. म्हणाली, "लई वंगाळ झालं." मग अगदी साधेपणानं, "आजपन तारीखच का, वकीलसाहेब?"

"नाही आजी. आज चालवायची."

तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. इतक्या वर्षांत ऐकलेल्या 'आज चालवायची'पैकी ही एक, असं तिला वाटलं असेल तर तिचा दोष नाही.

मारुती दारात आला. त्यालाही कळलं होतं. त्यानं ठकूबाईचं नाव पुकारलं आणि माझ्याकडं बघत थांबला. मी मान हलवली. म्हटलं, पुकार. त्यानं गळा साफ केला आणि नेहमीपेक्षा मोठ्यानं हाळी दिली, "वादीतर्फे पारसमल वकील!"

मी उभा राहिलो. 'हजर' म्हणालो नाही. म्हणालो, "मयत आहेत, मॅडम. वादीतर्फे मी काम चालवतो." आणि कागद दिला. पाचवा कागद, पहाटे उठून लिहिलेला. नव्या न्यायाधीश मॅडमनी वाचला, क्षणभर पेन थांबवलं आणि तुझ्या नावावर रेघ मारली. रेघ ओढल्याचा आवाज येत नाही, मला आला.

ठकूबाईच्या जबाबाचं प्रतिज्ञापत्र मी तयार ठेवलं होतं. खरं तर ते सहा महिन्यांपासून कपाटात तयार होतं. ते दाखल केलं. कदम सवयीनं उठले, "उलटतपासणीसाठी तारीख मिळावी." मी म्हणालो, "हरकत आहे." कदमांनी चष्म्यावरून असं पाहिलं की मला या क्षणीही हसू येतंय. मॅडम म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर घ्या.

सुट्टीत मी डबा उघडला आणि कदमांना दंडाला धरून बसवलं. ते म्हणाले, "आज काय नवीन?" मी म्हणालो, "नवीन नाही, जुनंच आहे." चटणी आईची नाही आता, बाजारची. तरी त्यांनी दोनदा घेतली.

मग ठकूबाई पिंजऱ्यात उभी राहिली. कदमांनी विहीर, मोटार, पाळी सगळं विचारलं. ती हलली नाही. शेवटी त्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला, आणि तो काढणार हे मला माहीत होतं.

"बाई, तुम्हाला पाण्याची खरंच गरज असती तर इतकी वर्षं तारखा घेतल्या असत्या का?"

"तारखा म्या न्हाई घेतल्या."

"मग कुणी घेतल्या?"

तिनं माझ्याकडं बोट केलं. "ह्या माज्या वकिलानं."

कोर्टात कुजबुज झाली. मी टेबलाकडं बघत बसलो. पारस, मला वाटलं, बरं झालं, आज सगळं निघून जाऊ दे. आणि तिथं कदमांनी, तीस वर्षं वकिली केलेल्या माणसानं, तू मला पहिल्याच वर्षी बजावलेली चूक केली. उलटतपासणीत साक्षीदाराला 'का' विचारायचं नाही. त्यांनी विचारलं.

"का घेतल्या?"

"त्येचा जोडीदार गेला व्हता नोकरीला. त्यो वाट बघत व्हता." मग तिनं कुणी न विचारता पुढं सांगितलं, "मी पुन्याला गेले व्हते पारसवकिलांकडं. म्हनलं, आसं आसं हाय. त्ये म्हनले, आजी, तो माजी वाट बघतोय. मी आता येनार न्हाई हे त्याला सांगायचा मलाच धीर झाला न्हाई. चूक त्याची एकट्याची न्हाई."

मॅडमनी तिला थांबवलं नाही. मग टाइप करणाऱ्या मुलीला एकच वाक्य सांगितलं: "माझे वकील त्यांच्या जोडीदाराची वाट पाहत होते." कदम म्हणाले, प्रश्न नाहीत. वाक्य कोर्टाच्या दप्तरात गेलं. आता ते तिथंच राहील, पारस. हे मला कधी लिहिता आलं नसतं.

म्हणजे तू त्या शनिवारी हे सांगायला आला होतास, आणि मी तुला लाजेची गोष्ट सुनावली. आणि तूही शहाणा, रोजनामा पुढं केलास, पण ते वाक्य बोलला नाहीस. आपण दोघंही बोलून पोट भरणारे. काय म्हणावं आपल्याला!

बाहेर आल्यावर मी ठकूबाईला हात जोडले. म्हटलं, "आजी, माझं चुकलं."

ती म्हणाली, "चुकलं तर खरंच. दोन म्हशी गेल्या माज्या त्या पान्यापायी. मालक गेले तवा लावलेली आंब्याची दोन झाडं जळाली." पदरानं तोंड पुसलं. "आता निकाल तेवढा आना." आणि आण्याची गाडी चुकेल म्हणून लगबगीनं स्टँडकडं निघाली. मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी तशी आशाही धरलेली नाही. युक्तिवाद परवा ठेवलाय. तुझा दावा आहे, तो मी वाया जाऊ देणार नाही.

आता माडीवर आलोय. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबून बाह्या झटकल्या, आधी डावी, मग उजवी. पीठ नव्हतं. पाठीपर्यंत माझा हात पोचत नाही. तुझ्या खुर्चीवरच्या फायली काढून कपाटात ठेवल्या आणि खुर्ची पुसली.

पाच वाजले. दर वेळी याच सुमाराला मी तुला फोन करायचो, तारीख पडली म्हणून. आज पडली नाही रे पारस. आज केस चालली.